मुंग्या नेमक्या कुठे येतात?

"हातापायाला मुंग्या येतात" एवढं सांगून बरेच रुग्ण थांबतात. सोबत आलेल्या मुलाच्या किंवा सुनेच्या हातात एमआरआयची भलीमोठी पिशवी असते आणि डॉक्टरांनी ती उघडून काय ते सांगावं, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. पण मज्जासंस्थेच्या आजारांत निदानाचा मोठा वाटा त्या पिशवीत नसतो, रुग्णाच्या सांगण्यात असतो. मुंग्या करंगळीला येतात की अंगठ्याला? एका हाताला की दोन्ही? रात्री झोपमोड होते की दिवसा काम करताना त्रास होतो? आणि हे सुरू झालं ते एका क्षणात, चार दिवसांत की वर्षभरात हळूहळू? या प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली, तर बिघाड मेंदूत आहे, पाठीच्या कण्यात आहे की मनगटात, याचा बराचसा अंदाज रुग्णाला हात लावण्याआधीच येतो.

असं होतं, कारण मज्जासंस्थेची मांडणी पक्की आहे. शरीराच्या कोणत्या भागाची संवेदना कोणत्या वाटेने मेंदूत पोचते आणि मेंदूची आज्ञा कोणत्या वाटेने स्नायूपर्यंत येते, हे जवळजवळ प्रत्येक माणसात सारखंच असतं. ही मांडणी प्रत्येक घरात थोडीफार माहीत असावी, असं मला फार वाटतं. नको त्या तपासण्या टळतात हा एक फायदा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणतं लक्षण महिनाभर थांबू शकतं आणि कोणत्या लक्षणासाठी रात्री दोन वाजता गाडी काढायची, हे ठरवता येतं.

शरीरातली मांडणी

मेंदूचं वजन सुमारे 1300 ते 1400 ग्रॅम. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम 2 टक्के. पण माणूस स्वस्थ बसलेला असताना शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के एकटा मेंदू वापरतो. त्याच्याकडे साठा नसतो. म्हणून पायाचा रक्तपुरवठा तासभर थांबला तरी पाय तग धरतो, मेंदूला मात्र काही मिनिटंही भारी पडतात. कवटीतला वरचा मोठा भाग विचार, भाषा, हालचाल आणि स्पर्श सांभाळतो. मागे, खालच्या बाजूला असलेला लहान मेंदू तोल आणि हालचालींतला नेमकेपणा पाहतो. या दोघांना मज्जारज्जूशी जोडणारा मस्तिष्कस्तंभ श्वास, गिळणं आणि जागेपण यांची जबाबदारी घेतो. दृष्टी, वास, ऐकणं, चेहऱ्याची हालचाल यांच्यासाठी मेंदूतून थेट 12 जोड्या मज्जातंतू निघतात.

मज्जारज्जू साधारण 45 सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड असतो. पाठीचा कणा माकडहाडापर्यंत जातो, पण मज्जारज्जू तिथपर्यंत जात नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली असतो तो पायांकडे आणि मूत्राशयाकडे निघालेल्या मज्जातंतूंच्या मुळांचा जुडगा. ही गोष्ट लक्षात राहिली तर एक मोठी भीती जाते. "पाठीतलं पाणी काढलं की माणूस पांगळा होतो" असं सांगून घरची मंडळी कित्येकदा मेंदूज्वराच्या रुग्णाची आवश्यक तपासणी अडवून धरतात. ती सुई मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली घालतात, रज्जूला तिचा स्पर्शही होत नाही. सिझेरियनच्या वेळी कमरेत देतात ते भुलीचं इंजेक्शनही तिथलंच.

मज्जारज्जूतून दोन्ही बाजूंना मिळून 31 जोड्या मज्जातंतू बाहेर पडतात आणि प्रत्येक जोडीकडे त्वचेचा ठरावीक पट्टा असतो. स्तनाग्रांच्या पातळीचा पट्टा छातीच्या चौथ्या जोडीकडे, बेंबीचा दहाव्या जोडीकडे, पायाच्या अंगठ्याचा कमरेच्या पाचव्या आणि पायाच्या करंगळीचा त्याखालच्या जोडीकडे. हे पट्टे डोळ्यांनी पाहायचे असतील तर नागीण झालेल्या माणसाची पाठ पाहावी. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू एखाद्या मज्जातंतूच्या मुळाशी दबून बसतो आणि वय झाल्यावर किंवा प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर त्याच एका तंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. म्हणून फोड एकाच बाजूला, पट्ट्यासारखे उठतात आणि शरीराच्या मधल्या रेषेपाशी थांबतात. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही समजूत अजूनही खोलवर रुजलेली आहे. तिच्या धाकाने लोक मंत्र टाकणाऱ्याकडे जातात आणि विषाणूविरोधी गोळ्या सुरू करायचे पहिले 72 तास हातचे घालवतात. फोड सुकतात, पण त्यानंतर काहींना महिनोन्‌महिने जी आग होत राहते ती सोसवत नाही. डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले असतील तर नेत्रतज्ज्ञालाही त्याच दिवशी दाखवावं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. हालचालीची आज्ञा नेणारे बहुतेक तंतू मस्तिष्कस्तंभाच्या तळाशी बाजू बदलतात. त्यामुळे मेंदूचा डावा अर्धा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो. भाषेचं केंद्रही बहुतेकांच्या मेंदूत डावीकडेच असतं. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यवैद्याने 1861 मध्ये वाचा गेलेल्या रुग्णांच्या मेंदूंवरून ते शोधलं. म्हणून उजवा हात लुळा पडतो तेव्हा अनेकदा बोलणंही जातं.

अर्धं अंग, एका क्षणात

शरीराच्या एका बाजूचा चेहरा, हात आणि पाय, किंवा यांतले दोन तरी, काही क्षणांत कमजोर किंवा बधिर झाले तर मेंदूचा विचार आधी करायचा. आपल्याकडे "अंगावरून वारं गेलं" म्हणतात तो हाच अर्धांगवायू. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. मोठी वाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला साधारण 19 लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब तज्ज्ञांनी मांडला आहे. माणसाला हसायला सांगा, दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा, एखादं साधं वाक्य बोलायला सांगा. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एक हात खाली घसरला किंवा शब्द जड, चुकीचे येऊ लागले, तर यांतली एक खूणही पुरेशी आहे. तिन्ही जुळायची वाट पाहायची नाही.

गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. जितकं लवकर तितका फायदा अधिक. मोठ्या वाहिनीतली गुठळी नळीवाटे ओढून काढण्याची सोय मोठ्या रुग्णालयांत असते आणि निवडक रुग्णांत ती 24 तासांपर्यंत करता येते. पण गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅन केल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. म्हणून घरात ॲस्पिरिन द्यायची नाही. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून जिभेखाली गोळी ठेवून तो झटकन उतरवायचा नाही, त्याने मेंदूचा उरलासुरला रक्तपुरवठाही घटतो. पाणी, चहा, ग्लुकोज काहीही पाजायचं नाही. गिळण्याचे स्नायू कमजोर असतील तर ते थेट फुप्फुसात जातं. मालिश, शेक, काही नाही. 108 ला फोन करायचा आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहून सोबत घ्यायची. झोपेतून उठताना लक्षात आलं असेल तर झोपायला गेल्याची वेळ लिहायची. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील.

हात लुळा पडला आणि दहा मिनिटांत पूर्ववत झाला, तरीही त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. मोठा झटका येण्याचा धोका त्यानंतरच्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे, रात्री सीटी स्कॅन सुरू असणारं जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून ठेवा. झटक्याच्या रात्री एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाण्यात जेवढा वेळ वाया जातो, तेवढा रस्त्यात जात नाही.

केवळ तोंड वाकडं झालं, हातपाय आणि बोलणं ठीक आहे, असंही घडतं. तो बहुधा चेहऱ्याच्या मज्जातंतूचा दाह असतो. त्यात त्या बाजूच्या कपाळावर आठ्या घालता येत नाहीत आणि डोळा मिटत नाही. मेंदूच्या झटक्यात कपाळ बहुधा वाचतं, कारण त्याला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून तंतू येतात. फरक इतका स्पष्ट असला तरी तो घरी ठरवायचा नाही. इथेही पहिल्या 72 तासांत सुरू केलेल्या औषधाने फायदा होतो. डोळा उघडा राहून बुबुळाला इजा होऊ नये म्हणून दिवसा डोळ्यात थेंब आणि रात्री पापणी पट्टीने मिटून ठेवणं, ही काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावीच.

एका रेषेखाली

दोन्ही पाय कमजोर, आणि पोटावर किंवा छातीवर एक अशी रेषा की जिच्या वर स्पर्श कळतो, खाली कळत नाही, त्यातच लघवीचा ताबा गेलेला. असं असेल तर बिघाड मज्जारज्जूत शोधायचा. रेषा बेंबीपाशी असेल तर कमरेचा एमआरआय करून काही उपयोग नाही. खराबी वर, छातीमागच्या मणक्यांजवळ असते. कमरेचा एमआरआय 'नॉर्मल' आला म्हणून निर्धास्त होऊन घरी गेलेले रुग्ण पुढे दोन्ही पाय हरवून येतात, तेव्हा फार वाईट वाटतं. पाठीत आठवड्यांमागून आठवडे दुखतं, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतं आणि आता पाय ताठ, जड वाटू लागले आहेत, हे चित्र आपल्याकडे मणक्याच्या क्षयरोगात वारंवार दिसतं. वेळेत औषधं सुरू झाली तर पाय वाचतात.

कोकणात नारळाच्या, आंब्याच्या झाडावरून पडलेल्या माणसाला चारजण हातापायाला धरून उचलतात आणि रिक्षात दुमडून बसवतात. मणका मोडला असेल आणि रज्जू अजून शाबूत असेल, तर या उचलाउचलीतच तो चिरडला जाऊ शकतो. डोकं, मान, पाठ, कंबर एका रेषेत ठेवून, तीन-चार जणांनी एकाच वेळी वळवून त्याला फळीवर किंवा दारावर घ्यायचं, मानेच्या दोन्ही बाजूंना घडी केलेली चादर लावायची आणि आडवंच न्यायचं. श्वास चालू असेल तर रुग्णवाहिकेसाठी थोडं थांबणं परवडतं.

कंबरदुखीचं म्हणाल तर तिच्याबद्दलची भीती गरजेपेक्षा जास्त आहे. मणक्यातली गादी सरकून मज्जातंतूचं मूळ दाबलं गेलं की कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत, पावलापर्यंत कळ जाते. त्रास मोठा असतो, पण बहुतेकांचा तो काही आठवड्यांत औषध, हालचाल आणि व्यायाम यांनी ओसरतो. कंबर आणि पाठ अजिबात दुखत नसलेल्या 98 जणांचा एमआरआय करून त्याचे निष्कर्ष 1994 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली. तेव्हा अहवालात 'बल्ज' हा शब्द दिसला म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं नव्हे. कळ ज्या बोटापर्यंत जाते, ते बोट आणि अहवालातला मणका यांचा मेळ बसला पाहिजे.

मात्र कंबरदुखीत एक लक्षण थांबायला अजिबात जागा ठेवत नाही. सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर होणं, लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचाचा ताबा जाणं. मघाशी सांगितलेला मुळांचा जुडगा दाबला गेल्याची ही खूण आहे. काही तासांत एमआरआय आणि बहुधा शस्त्रक्रिया लागते. लाजेपोटी हे न सांगणारे, विशेषतः घरातल्या वयस्कर बायका, कायमचं नुकसान करून घेतात. त्यांना हा प्रश्न घरच्यांनी स्पष्ट शब्दांत विचारावा.

पावलांपासून वर

दोन्ही पावलांना सारख्याच मुंग्या, जळजळ, कापसावर चालल्यासारखं वाटणं, आणि हे महिनोन्‌महिने हळूहळू वर सरकणं, ही लांब मज्जातंतूंच्या आजाराची रीत. पाटाला पाणी कमी सुटलं की आधी टेलच्या शेतकऱ्याचं शेत सुकतं. तसंच साखरेने, जीवनसत्त्वाच्या कमतरतेने किंवा दारूने मज्जातंतूंचं पोषण बिघडलं की सर्वांत लांबच्या तंतूंची टोकं आधी मरतात. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंतचा तंतू जवळपास मीटरभर लांब असतो. म्हणून सुरुवात बोटांपासून होते, आणि त्रास गुडघ्याच्या आसपास पोचतो तेव्हा हाताच्या बोटांनाही मुंग्या सुरू होतात.

इथे मी रुग्णांना एक प्रश्न हमखास विचारतो. चालताना पायातली चप्पल निसटते का? आणि निसटली तर ते कळतं का? पावलाचे स्नायू कमजोर असतील तर चप्पल निसटते आणि माणसाला ते कळतं, तो थांबतो, पाय मागे घेतो. संवेदना गेली असेल तर चप्पल मागे राहते आणि माणूस तसाच पुढे चालत जातो. मग तळव्याला खडे टोचतात तेही कळत नाही, कुणीतरी मागून हाक मारून सांगतं, "अहो, चप्पल राहिली तुमची." या एका प्रश्नाने आज्ञा नेणारे तंतू बिघडले आहेत की संवेदना आणणारे, हे वेगळं करता येतं. दुसरा प्रश्न, बेसिनपाशी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो का? पावलं कुठे आहेत याची खबर मेंदूला नीट मिळत नसली की माणूस डोळ्यांच्या आधाराने उभा राहतो. डोळे मिटले किंवा अंधार झाला की तो डगमगतो. रात्री अंगणात जाताना भिंत धरणाऱ्या आजोबांना "वय झालं" म्हणून सोडून देऊ नये.

अशा रुग्णांत ब-12 जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करायलाच हवी. मज्जातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं, त्यामुळे संदेश सेकंदाला कित्येक मीटर वेगाने धावतो. ब-12 कमी पडलं की हे आवरण खराब होतं, मज्जारज्जूतलंसुद्धा. ब-12 दूध, दही, अंडी, मासे, मांस यांत असतं. धान्य, भाज्या, डाळींत ते नसतं. शुद्ध शाकाहारी आणि त्यातही दूध-दही कमी घेणारे, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे, आणि जठराची शस्त्रक्रिया झालेले, यांनी हे ध्यानात ठेवावं. रक्त कमी आहे म्हणून नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या तर हिमोग्लोबिन सुधारतं, पण ब-12 अभावी मज्जारज्जूचं नुकसान आतल्या आत वाढत राहतं.

"नसांच्या गोळ्या" म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचीही धास्ती वाटते. त्यांतल्या अनेकांत ब-6 जीवनसत्त्व असतं. ते मोठ्या मात्रेत, दीर्घकाळ घेतलं तर त्यानेच मज्जातंतू खराब होतात. मुंग्यांसाठी सुरू केलेली गोळी मुंग्या वाढवते, माणूस तिची मात्रा वाढवतो, आणि फेरा सुरू राहतो. गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांना दाखवा, त्यावर मात्रा लिहिलेली असते.

मधुमेहींनी रोज रात्री दोन्ही तळवे आरशात किंवा घरातल्या कुणाकडून पाहून घ्यावेत, बोटांच्या बेचक्याही. पाय दुखत नाही याचा अर्थ जखम नाही असा होत नाही. गरम पाण्याची पिशवी आणि शेगडीजवळ पाय शेकणं पूर्ण बंद. आंघोळीचं पाणी पायाने नव्हे, कोपराने पाहावं. देवळात, शेतात, उन्हाने तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये. दर्शनाच्या रांगेत तळवा भाजून आलेले लोक फोड दिसेपर्यंत बेसावध असतात.

हाच क्रम, पावलांपासून वर, पण महिन्यांऐवजी दिवसांत घडला तर आजार वेगळा. सोमवारी पाय जड, बुधवारी जिना चढवत नाही, शुक्रवारी हात उचलत नाहीत. गुलियन-बारे सिंड्रोममध्ये शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते, बहुधा जुलाब किंवा सर्दी-तापानंतर एक ते तीन आठवड्यांनी. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात याचे एकदम अनेक रुग्ण निघाले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्या-अन्नातून येणारा जिवाणू सापडला. पाणी उकळून पिणं हा मज्जासंस्थेच्या आरोग्याचाही भाग आहे, हे त्या महिन्यात पुणेकरांना कळलं. कमजोरी छातीच्या स्नायूंपर्यंत पोचली तर कृत्रिम श्वास लागतो, म्हणून चालता येत असतानाच दाखल व्हावं. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याच्या उपचाराने बहुतेक जण पुन्हा चालतात, पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात.

एकच मज्जातंतू

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग, एवढ्याच ठिकाणी मुंग्या; रात्री जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं. या बोटांचा तंतू मनगटाच्या अरुंद बोगद्यात दाबला जातो. गरोदरपण, थायरॉइडची कमतरता, मधुमेह, सतत पिळण्या-मळण्याचं काम यांत हे जास्त दिसतं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपणं हा पहिला उपाय. अनेकांना तेवढा पुरतो. मान दुखते म्हणून मानेचा पट्टा बांधून फिरणाऱ्या कितीतरी बायकांचा खरा त्रास मनगटात असतो.

करंगळी आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग कोपरामागून जाणाऱ्या तंतूकडे. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात तो हाच. गाडीच्या खिडकीवर, टेबलाच्या कडेवर कोपर टेकवण्याची सवय आणि तासन्‌तास कोपर दुमडून कानाला फोन, यांनी तो दुखावतो. पण याच तंतूबाबत एक गोष्ट विसरू नये. करंगळी बधिर, कोपरामागे दोरीसारखा जाड झालेला तंतू हाताला लागतो, आणि अंगावर कुठे फिकट, स्पर्श न कळणारा चट्टा, असं दिसलं तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावी लागतात आणि रोग पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर रोग बरा होतो, वाकडी झालेली बोटं मात्र तशीच राहू शकतात.

खुरपणीला तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्यांचं पाऊल कधी अचानक वर उचलेनासं होतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचा उंचवटा लागतो. त्याला वळसा घालून जाणारा तंतू तिथे दबतो. मध्येमध्ये उठून पाय मोकळे करावेत, एवढंच त्यावर प्रतिबंधक सांगणं.

जिथे तंतू संपतो

मज्जातंतू स्नायूपर्यंत पोचतो, पण त्याला चिकटत नाही. मध्ये बारीक फट असते आणि ती रसायनाने ओलांडली जाते. मण्यारीचं विष नेमकं या टोकावर काम करतं. पावसाळ्यात, रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. दंश बहुधा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळा, मग पापण्या जड होऊन मिटणं, थुंकी गिळता न येणं, बोलणं अडखळणं. पुढे श्वासाचे स्नायू थांबतात. माणूस निपचित पडतो, डोळे उघडत नाही, पण मेंदू जागा असू शकतो, त्याला सगळं ऐकू येऊ शकतं. प्रतिविष आणि कृत्रिम श्वास वेळेवर मिळाला तर काही दिवसांनी तंतूंची टोकं पुन्हा काम करू लागतात आणि तो घरी जातो. पहाटेची पोटदुखी आणि मिटणाऱ्या पापण्या एकत्र दिसल्या की पित्ताची गोळी देऊ नका, थेट व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय गाठा. खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणं, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त बचाव.

आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या कामांसाठी, म्हणजे हृदयाची गती, घाम, रक्तदाब यांसाठी, मज्जासंस्थेची वेगळी शाखा आहे. कोकणातला लाल विंचू हीच शाखा भडकवतो. दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार, आणि नंतर फुप्फुसात पाणी. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी यावर वापरली आणि या दंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. विंचू चावलेल्या मुलाला घाम सुटून हातपाय गार पडले तर मांत्रिकाकडे न्यायला वेळ नसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही गोळी असते का, हे पावसाळ्याआधी गावाने विचारून ठेवावं.

तपासणीला जाताना

मज्जातंतूंची वहनतपासणी, जिला सगळे एनसीव्ही म्हणतात, ती फक्त जाड, वेगवान तंतू मोजते. तापमान आणि आग यांची जाणीव देणारे बारीक तंतू तिच्यात येत नाहीत. त्यांचा वेग सेकंदाला मीटरभरच असतो. ठेच लागल्यावर ठेच लागल्याचं आधी कळतं आणि ठणका क्षणभराने येतो, तो याच तंतूंमुळे. म्हणून मधुमेहात तळव्यांची रात्रभर आग होत असताना एनसीव्ही 'नॉर्मल' येऊ शकते. अहवालावरून तुमचं दुखणं खोटं ठरत नाही, डॉक्टरांना तसं ठामपणे सांगा.

तपासणीत त्वचेवर छोटे विजेचे झटके देतात. चटका बसल्यासारखं वाटतं, इजा होत नाही. त्या दिवशी हातापायाला तेल किंवा क्रीम लावू नये, अंगठ्या आणि पैंजण काढून ठेवावेत. पेसमेकर असेल तर आधी सांगावं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तेही सांगावं, कारण पुढच्या टप्प्यात स्नायूत बारीक सुई घालतात. हिवाळ्यात सकाळच्या वेळी गेलात तर हात-पाय आधी गरम करून घ्या. थंड अंगात वहनाचा वेग कमी भरतो आणि नसलेला आजार अहवालात उमटतो.